आजीला कार्ड लिहिताना

गेल्या भाद्रपदात आमच्या सासूबाई विहिरीच्या ओल्या वाटेवर घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. पुण्यात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावले की, पाच-सहा महिने पायऱ्या, उंबरे, चढ-उतार असले काही चालणार नाही. आमचे घर माण तालुक्यात, माळावरचे. घराला तीन पायऱ्या, गोठ्याला उतार आणि शेतात जायचे तर बांधच बांध. तेव्हा त्यांना हडपसरला नणंदबाईंकडे ठेवायचे ठरले. साठ वर्षे जी बाई उजाडायच्या आत गोठ्यात जात आली, ती आता एका खोलीत खिडकीपाशी खाटेवर बसून राहिली. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसते.

तुम्ही म्हणाल, फोन आहे की! आहे ना. आमच्याकडेही आहे आणि नणंदबाईंकडेही आहे. पण सासूबाईंना कमी ऐकू येते. फोन कानाला लावला तर नातवंडे दिसत नाहीत, आणि तोंडासमोर धरला तर ती काय बोलतात ते ऐकू येत नाही. मुले ओरडून विचारणार, "आजी, बरी आहेस का? जेवलीस का?" आणि अंगणात पळणार. नवरात्रात गाय व्याली. त्या रविवारी सासूबाईंनी विचारले, "गाय व्याली का?" थोरला म्हणाला, "हो." "कालवड का खोंड?" "खोंड." झाले, बोलणे संपले. पुढे काय विचारावे हे त्यांना सुचेना आणि काय सांगावे हे पोराला कळेना.

दोन दिवसांनी नणंदबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "वहिनी, आई दिवसभर त्या भिंतीकडे बघत बसते. गावाकडचं काहीतरी कळवत जा." तेव्हा माझ्या मनात आले, थोरला तिसरीत आहे, लिहिता-वाचता येते. आजीला कार्ड का लिहू नये? सासूबाईंना अक्षरओळख नाही, पण नणंदबाईंची मुलगी कानाशी बसून मोठ्याने वाचून दाखवील. कार्ड पुन्हा पुन्हा वाचता येते. फोनवरचे बोलणे मात्र हवेत जाते.

कार्ड आणायचे म्हटले तरी आधी थोडी शोधाशोध झाली. गावात कुणी म्हणे, पोस्टाने कार्ड केव्हाच बंद केले. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, त्यावरून ही आवई उठली असावी. साधे कार्ड चालू आहे. गावच्या शाखेत शिल्लक नसले तर तालुक्याच्या पोस्टात विचारावे, आणि एकदम दहा-पंधरा आणून ठेवावीत. पन्नास पैशांना एक. १८७९ साली १ जुलैला आपल्या देशात पहिले कार्ड निघाले, तेव्हा ते पाव आण्याला मिळे. मधल्या एवढ्या वर्षांत मिठापासून डिझेलपर्यंत कशाचे भाव कुठे गेले ते तुम्हाला सांगायला नको. कार्ड मात्र अजून गरिबाचेच आहे.

कार्ड आणले, थोरल्याच्या हातात दिले आणि मी भाकरी करायला बसले. दहा मिनिटांत लिहून आला. काय लिहिले होते ते जसेच्या तसे देते:

"ती. आजीस, सा. न. वि. वि. पत्रास कारण की, तू बरी आहेस ना? आम्ही सर्व मजेत आहोत. गाय व्याली. वासरू छान आहे. अभ्यास चालू आहे. तू लवकर बरी हो. कळावे, लोभ असावा. तुझा नातू."

चूक काहीच नव्हती. अक्षरही बरे होते. पण मी ते दोनदा वाचले आणि वाटले, हे कार्ड महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरातून कुठल्याही आजीला जाऊ शकते. त्यात आमचा माळ नाही, गोठा नाही आणि आमचा मुलगाही नाही. सासूबाईंना यातून नवे काय कळणार? गाय व्याल्याचे तर त्यांना आधीच कळले होते.

दोष त्याचा नव्हता. मुलांना आपण लिहायला शिकवतो ते असेच. शाळेतला गाईवरचा निबंध आठवा. गाय हा पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट असते. आपणही तोच घोकला आणि आपली मुलेही तोच घोकतात. दारात गाय बांधलेली असते, पण निबंध लिहिताना तिच्याकडे मान वळवून बघायचे कुणाला सुचत नाही. आणि मोठ्यांची पत्रे काय वेगळी असत? 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' एवढ्यात अर्धे कार्ड भरे. तो मायना मला नावडता नाही. थोरांना तीर्थरूप, लहानांना चिरंजीव म्हणावे हे मुलांना ठाऊक असलेच पाहिजे. पण लहान मूल त्या पायरीवरच अडखळून बसते आणि घरात शिरतच नाही. म्हणून मी ठरवले, मायना एका ओळीचा. 'ती. आजीस, नमस्कार.' मग लगेच सांगायचे ते सांगायचे.

ते पहिले कार्डही मी टाकले. मुलाने मनापासून लिहिलेले कार्ड फाडून 'पुन्हा लिही' म्हटले की तो पुन्हा लिहायचा नाही. पण दुसऱ्या कार्डाच्या वेळी त्याला हातात पेन दिले नाही. म्हटले, "आधी गोठ्यात जा, वासराकडे बघून ये, मग मला सांग."

गेला आणि आला. "बघितलं."

"काय बघितलंस?"

"वासरू."

"कसं आहे?"

"छान आहे."

इथे माझ्या ध्यानात आले की, माझा प्रश्नच चुकला. 'कसे आहे' विचारले की मूल 'छान' म्हणणारच. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला. जो 'छान', 'सुंदर', 'मस्त' म्हणेल त्याने गोठ्यातली एक पाटी शेण उकिरड्यावर टाकून यायची. (हा नियम यांनाही लागू आहे. दोन पाट्या त्यांनीही टाकल्या.) आणि मी प्रश्न बदलले. केवढे आहे? कशासारखे दिसते? या घटकेला काय करते आहे? हात लावला तर कसे लागते? आवाज येतो का, वास येतो का? आणि शेवटचा प्रश्न, काल होते आणि आज नाही असे काय आहे? या शेवटच्या प्रश्नाने पुढे मला चांगलेच अडचणीत आणले. ते सांगेनच.

केवढे आहे, याचे उत्तर मूल 'मोठे' किंवा 'लहान' असे देते. आजीला तेवढ्याने काय दिसणार? पण आपल्याकडे मापांची काय वाण आहे? वीत, मूठ, हात, पाऊल, परस ही मापे मुलाच्या अंगावरच असतात. विहिरीला पाणी किती, तर वरून चौथ्या पायरीपर्यंत. शाळू केवढा, तर माझ्या गुडघ्याला लागतो. कार्तिकी पौर्णिमेला गुडघ्याला लागणारा शाळू मार्गशीर्षात डोक्यावरून गेला. त्या दोन कार्डांतून सासूबाईंना शाळूही कळला आणि नातवाची उंचीही. आता कैरी केवढी, तर सुपारीएवढी; लिंबाएवढी झाली की तसे लिहावे. हे मुलाला शिकवावे लागत नाही, नुसते विचारावे लागते.

तसेच 'कशासारखे'चे. मुलाला मोठ्या उपमा सुचवू नयेत. चांदणे दुधासारखे असे आपण सांगितले की तो तेच लिहितो. त्याने स्वतः काय पाहिले, चाखले, हाताळले असेल त्यातूनच त्याला सुचू द्यावे. आमची धाकटी अंगणवाडीत जाते. ती म्हणाली, रात्री मोटर चालू झाली की भिंत मांजरासारखी गुरगुरते. मोटरीची खोली आमच्या घराला लागूनच आहे. मी दहा वर्षे त्या भिंतीला पाठ लावून झोपते, पण मला कधी हे सुचले नाही. आवाजाच्या बाबतीत आपली भाषा श्रीमंत आहे. पाचोळा सळसळतो, पाटाचे पाणी खळखळते, दार करकरते, फोडणी चुरचुरते. यातले शब्द मुलांच्या तोंडात असतातच, ते कागदावर आले की निम्मे वर्णन झाले.

असो. वासराकडे वळू. तो पुन्हा गोठ्यात गेला तो चांगला अर्ध्या तासाने आला. आल्यावर तोंडाने सांगू लागला आणि मी नुसती ऐकत राहिले. हे महत्त्वाचे आहे. लहान मुलाची जीभ पुढे असते आणि हात मागे. बोललेले सगळे लिहायला गेला तर तिसऱ्या शब्दाला कंटाळतो. आधी सगळे बोलू द्यावे, मग विचारावे, यातले आजीला कुठले सांगायचे? दहा गोष्टींतून एक धरायची. एका कार्डावर एकच गोष्ट. वासरू म्हणजे वासरूच. त्यात शाळेतले बक्षीस, मामाचे लग्न आणि मांजरीची पिल्ले कोंबायची नाहीत. त्यांना पुढची कार्डे आहेत.

मग कच्चे लिहायचे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कार्ड ठेवून भोवती रेघ मारायची. त्या चौकटीत बसेल तेवढेच लिहायचे. कार्ड चौदा सेंटिमीटर लांब आणि नऊ रुंद. तिसरीतल्या मुलाच्या अक्षरात मागच्या बाजूला आठ-नऊ ओळी बसतात. पुढच्या बाजूला डावीकडे थोडी जागा असते, ती धाकटीच्या चित्राला ठेवावी. चौकट आखलेली असली की मूल आपोआप पोकळ शब्द गाळू लागते. 'आणि मग काय झाले की' हे पहिल्यांदा जाते.

कच्चे लिहून झाले की आमच्याकडे एक गंमत करतो. थोरला वाचून दाखवतो आणि धाकटी न बघता ऐकून चित्र काढते. वासराच्या वेळी त्याने लिहिले होते, 'वासराचे डोके तांबडे आहे.' धाकटीने तोंड, नाक, कान सगळे तांबड्या खडूने रंगवले. तो चिडला. "अगं, एवढं नाही! नुसतं वर, शिंगं येतात तिथं." मी म्हटले, "मग तसं लिही." त्याला कळले की, डोळ्याने पाहिलेले कागदावर आपोआप उतरत नाही. मी तासभर समजावले असते तरी हे कळले नसते.

ते दुसरे कार्ड असे होते:

"ती. आजीस, नमस्कार. मी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून लिहितो आहे. वासरू पांढरे आहे. पण कपाळाच्या वर शिंगे येतात तिथे तांबडे आहे. गुळाचा पाक सांडल्यासारखे. दूध पिताना ते गाईला ढुशी मारते आणि शेपूट हलवते. तोंडाला फेस येतो. त्याने माझा हात चाटला. जीभ खरखरीत आहे, आईच्या हातासारखी. ते तांबडे पुसून जाईल का? तुझा नातू."

आईच्या हातासारखी. हे वाचून मी माझे हात उलटेपालटे करून पाहिले. खोटे काहीच नव्हते.

शुद्धलेखनाच्या चार-पाच चुका होत्या. त्या मी वर दुरुस्त करून दिल्या आहेत, पण कार्डावर तशाच राहू दिल्या. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला शाळा आहे. पत्ता मात्र अचूक पाहिजे, तिथे दया-माया नाही. नाव, घर, रस्ता, मु. पो., तालुका, जिल्हा आणि पिनकोड. पिनकोडची गंमत मुलांना जरूर सांगावी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. ती योजना आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. ते केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यात अधिकारी होते, आणि संस्कृतात कविताही करीत. सहा आकड्यांपैकी पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. महाराष्ट्र-गोव्याचा चार. दुसरा आकडा उपविभाग, तिसऱ्यापर्यंत आले की जिल्हा कळतो आणि शेवटचे तीन आकडे नेमके पोस्ट सांगतात. आमचे सातारकडचे ४१५ ने सुरू होतात आणि पुण्याचे ४११ ने. थोरल्याने दोन्ही शेजारी लिहून पाहिले आणि म्हणाला, "म्हणजे आजी फक्त एका आकड्याने लांब आहे." मी काही बोलले नाही.

आणखी दोन-तीन बारीकसारीक गोष्टी. बॉलपेनने लिहावे, शाईचे पेन नको, पावसाळ्यात पोस्टमनच्या पिशवीत कार्ड ओले झाले की शाई पसरते. आपला पत्ताही लिहावा. आणि कार्ड उघडे असते, हे मुलांना आधी सांगून ठेवावे. वाटेतले कुणीही ते वाचू शकते. पैशाचे, बँकेचे, भांडणाचे काही त्यावर नको. पूर्वी वाईट बातमीचे कार्ड वाचून लगेच फाडून टाकत, घरात ठेवत नसत. त्यामुळे जुन्या बायकांना कार्ड आले म्हटले की अजून छातीत धस्स होते. म्हणून पहिले कार्ड टाकण्याआधी नणंदबाईंना फोन करून सांगितले होते, 'पोरांचं कार्ड येतंय, आत्याबाईंना आधी कल्पना द्या.'

चार-पाच दिवसांनी हडपसरहून फोन आला. सासूबाईंनी कार्ड चार वेळा वाचून घेतले होते. निरोप असा होता, "त्याला सांगा, खिल्लारचं वासरू तसंच असतं. दोन-तीन महिन्यांत ते तांबडं जातं. त्याच्या आजालाही तसंच होतं." आजा म्हणजे वासराचा आजा. सासूबाई बोलत होत्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून फोन मागून घेतला होता. थोरला रोज वासराच्या डोक्याकडे बघू लागला. पौषात ते तांबडे खरेच गेले, तेव्हा त्यावरही एक कार्ड झाले.

पण त्याच्या आधी मार्गशीर्षात झाले ते सांगायचे आहे.

शस्त्रक्रियेच्या वेळी दवाखान्याचे बिल भरायला घरात पैसे नव्हते. यांनी बैलजोडी विकली. त्यातला सर्जा सासूबाईंनी बाटलीने दूध पाजून वाढवलेला, त्याची आई व्याल्यावर चार दिवसांत गेली म्हणून. त्यांना कळले तर त्या पैशाने झालेले हाड त्यांना गोड लागणार नाही, असे यांचे म्हणणे. मलाही ते पटले. मुलांना ताकीद दिली, "आजीला फोनवर बैलांचं बोलायचं नाही." मुलांनी ती पाळली. शाळूची पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने झाली, तेही सांगितले नाही.

त्या दिवशी थोरल्याला विषय सुचत नव्हता. मी चुलीपुढून सवयीने म्हटले, "काल होतं आणि आज नाही असं काय आहे, ते बघ." थोड्या वेळाने त्याने कार्ड आणून दिले. कच्चे न लिहिता सरळ कार्डावरच लिहिले होते.

"ती. आजीस, नमस्कार. मी गोठ्यात उभा आहे. आता गाय आणि वासरूच आहे. मधले दोन खुंटे रिकामे आहेत. एकाला दावे गुंडाळून ठेवले आहे. सर्जा बसायचा तिथे जमीन खोलगट झाली आहे. त्यात कोंबडी बसते. गव्हाणीचा दगड गुळगुळीत आहे. हात लावला की गार लागतो. तुझा नातू."

बैल विकले असे त्यात कुठेच नव्हते. फोनवर बोलायचे नाही म्हटले होते, तो फोनवर बोलला नव्हता. दिसेल ते लिहायचे, असे मी सांगितले होते, ते त्याने केले होते. सगळ्या कार्डांत ते कार्ड चांगले होते, हेही मला कळत होते.

मी ते देव्हाऱ्यामागे ठेवले. यांना दाखवले. हे म्हणाले, "ठेव तिथंच. दुसरं लिहून घे त्याच्याकडून." सांगायला सोपे. पण पोराला काय सांगून दुसरे लिहून घ्यायचे? दिसेल ते लिही, पण हे दिसले तर लिहू नकोस? मोठी माणसे असे करतात, मीही करते. पण दोन महिने त्याला हाताला धरून बघायला शिकवले, आणि पहिल्यांदा काही खरे दिसले तेव्हा डोळे झाक म्हणायचे, हे जिवावर येत होते. दुसरीकडे सासूबाईंच्या जिवाचा विचार. खुबा जुळून येत होता, जेवण जेमतेम. तीन दिवस कार्ड देव्हाऱ्यामागे राहिले. थोरला रोज बोटे मोजी. कार्ड टाकले की चौथ्या-पाचव्या दिवशी पोचते, म्हणजे रविवारी फोनवर आजी काहीतरी बोलेल, हा त्याचा हिशेब. चौथ्या दिवशी पोस्टमन दारावरून जाताना मी ते त्याच्या हातात दिले. यांना विचारले नाही. ते माझ्यावर रागावले आणि त्यांचा राग खोटा नव्हता.

रविवारी फोन आला. सासूबाईंनी यांनाच मागितले.

"जोडी दिलीस ना?"

हे गप्प.

"मला कवाच कळलं होतं. शाळू कुठल्या जोडीनं पेरला म्हणून तीनदा इचारलं. तिन्ही वेळा तू पावसाचं बोललास." मग थोडे थांबून म्हणाल्या, "कुणाला दिली?"

यांनी नाव सांगितले. शेजारच्या गावचाच शेतकरी, जोडी औताला हवी म्हणून घेतली.

"माणूस बरा हाय. मारकुटा नाही." पुन्हा थोडे थांबल्या. "दावं घरात ठेवलं ते बरं केलं. खुंटं उपटू नका. आणि त्या पोराला कुणी बोलू नका."

त्या रात्री हे गोठ्यात बराच वेळ होते. त्यानंतर मात्र फोनवर बोलणे सोपे झाले. काय लपवायचे होते ते उरले नाही. सासूबाई ट्रॅक्टरचे भाडे विचारू लागल्या, शाळूला पाणी किती वेळा दिले ते विचारू लागल्या, आणि वर सल्लेही देऊ लागल्या. ते सगळेच आम्हाला पटतात असे नाही.

कार्डे चालू राहिली. सगळीच चांगली झाली असे नाही. एकात नुसती क्रिकेटची धावसंख्या होती. एक धाकटीने सांगून माझ्याकडून लिहून घेतले, त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिच्या पडलेल्या दाताचेच वर्णन होते. तिचे शब्द मी बदलले नाहीत. मूल लिहीत नसले तरी सांगते, आपण फक्त हात चालवायचा. संक्रांतीला हुरड्याचे कार्ड गेले; गोवऱ्यांच्या आरात कणीस भाजताना हाताला कसे चटके बसतात आणि चोळल्यावर दाणे हिरवे कसे दिसतात, याचे. नणंदबाई म्हणाल्या, ते ऐकून सासूबाईंनी त्यांच्याकडे हुरडा मागितला, आणि पुण्यात मिळाला तो त्यांना पसंत पडला नाही.

शिमगा झाल्यावर, पाडव्याच्या आधी त्या घरी आल्या. पायऱ्यांशेजारी यांनी फळ्यांचा उतार करून ठेवला होता. घरात न शिरता वॉकर टेकत त्या आधी गोठ्याकडे गेल्या. वासराच्या डोक्यावरून हात फिरवला. मधल्या खुंट्यांपाशी उभ्या राहिल्या. खोलगट जागेत कोंबडी होतीच. थोरल्याला म्हणाल्या, "हीच का ती?" तो म्हणाला, "नाही, ही दुसरी." पिशवीत रबराने बांधलेली कार्डे होती, ती त्यांनी माझ्याकडे दिली. फडताळात ठेवली आहेत.

गेल्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "आक्काला कार्ड धाड. मी सांगते, तू लिही." आक्का म्हणजे नणंदबाई. थोरला पाट-पेन घेऊन ओट्यावर बसला. सासूबाईंनी घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली, "लिही. इकडील सर्व क्षेम..."

त्याने पेन खाली ठेवले. "आजी, हे नको. काय दिसतंय ते सांग."

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग शेताकडे बघितले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरं. लिही. शाळू निघाल्यापासून रान उघडं पडलंय. बांधावरच्या आंब्याची सावली ओट्यावरनं आता विहिरीपतुर सरळ दिसती."